भयपटांचा गल्ला आणि ताळेबंद



बँकेतून निवृत्त होऊन आता आठ वर्षे होत आली; तरीही प्रस्ताव घेऊन माणसे घरी येतात. गेल्या महिन्यात एका जुन्या खातेदाराचे चिरंजीव आले. घराणे कापडाच्या घाऊक व्यापारातले, पेढी तीन पिढ्यांची. त्यांचे खाते एक दिवसही थकल्याचे मला आठवत नाही. मुलगा एकोणतीस वर्षांचा, बी. कॉम. झालेला, दुकानात मन लावून बसणारा. त्याने पिशवीतून एक रंगीत पुस्तिका काढून माझ्या हाती दिली. मुखपृष्ठावर पडका वाडा, वर चंद्र आणि खाली चित्रपटाचे नाव. त्याचा महाविद्यालयातील मित्र मराठी भयपट काढीत होता. एकूण खर्च दीड कोटी. तीस लाख घातले तर वीस टक्के भागी.

"काका, भयपट कधी बुडत नाही," तो म्हणाला. "तुम्ही नुसते आकडे बघा."

शेजारी चहा घेत बसलेले त्याचे वडील काहीच बोलले नाहीत. निघताना मात्र दाराशी थांबून हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, तीस लाख तो दुकानाच्या कॅश क्रेडिटमधून उचलायचे म्हणतो. मी नाही म्हटलं तर ऐकेल, पण मनात धरून बसेल. तुम्हीच काय ते सांगा."

या महिन्याचे सदर म्हणूनच या विषयाला दिले आहे. भयपटांचे दिवस सध्या चलतीचे आहेत आणि येत्या दोन-तीन वर्षांत आणखी बरेच येऊ घातले आहेत. आपल्या घरांतील तरुणांच्या हाती अशा पुस्तिका यापुढेही पडणार. त्या कशा वाचाव्यात, एवढेच आज पाहू.

मुलाच्या म्हणण्यातील तथ्य

मुलाचे बोलणे निराधार नव्हते, हे आधी मान्य केले पाहिजे. १९९९ साली अमेरिकेत 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' नावाचा चित्रपट आला. तीन तरुण जंगलात जातात, परतत नाहीत. त्यांच्या कॅमेऱ्यातील चित्रण तेवढे मागे राहते, एवढीच त्याची कथा. मूळ चित्रीकरणाचा खर्च साठ हजार डॉलरच्या आसपास सांगितला जातो. जगभरातील गल्ला सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलर. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' हा चित्रपट ओरेन पेली यांनी स्वतःच्या राहत्या घरात, सुमारे पंधरा हजार डॉलरांत चित्रित केला. २००९ साली तो सर्वत्र झळकला आणि त्याने १९ कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमविला. २०१७ सालच्या 'गेट आउट'चा निर्मितीखर्च ४५ लाख डॉलर, तर गल्ला २५ कोटींच्या वर; शिवाय उत्कृष्ट मूळ पटकथेचे ऑस्करही त्यालाच मिळाले.

याचे कारण व्यापाऱ्याला चटकन उमगेल असे आहे. इतर चित्रपटांत खर्चाचा मोठा वाटा नामांकित नटांकडे जातो. भयपटात प्रेक्षक नटासाठी नव्हे, भीतीसाठी येतो. एक जुने घर, चार-पाच कलावंत, रात्रीची वेळ आणि उत्तम ध्वनी, एवढ्यावर काम भागते. प्रेक्षक बहुतांशी तरुण असतो आणि घोळक्याने येतो. शेजारच्या खुर्चीवरून उठलेली किंकाळी हादेखील तिकिटाच्या मोबदल्याचा भाग असतो आणि ती घरच्या दूरचित्रवाणीवर मिळत नाही.

हे गणित ओळखून जेसन ब्लम या निर्मात्याने 'ब्लमहाउस' ही संस्था उभी केली. मूळ कथेवरील चित्रपटाचा खर्च साधारण पन्नास लाख डॉलरच्या आत ठेवायचा, दिग्दर्शकाला मोकळीक द्यायची, कलावंतांना आरंभी किमान मानधन आणि चित्रपट चालल्यास नफ्यात वाटा, अशी त्यांची पद्धत. गंमत अशी, की एका मोठ्या कंपनीत नोकरीस असताना 'ब्लेअर विच' त्यांच्यापुढे आला होता आणि त्यांनी तो नाकारला होता. पुढे 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' समोर आला, तेव्हा ती चूक त्यांनी पुन्हा केली नाही.

आपल्याकडे हीच रीत त्याच्या कितीतरी आधी एका व्यापारी कुटुंबाने घालून दिली होती. रामसे बंधूंचे मूळ आडनाव रामसिंघानी. वडील एफ. यू. रामसे यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर कुटुंब मुंबईस आले. १९७० साली त्यांनी काढलेला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपट पडला. परंतु त्यातील एका प्रसंगाला, पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात त्या प्रसंगाला, प्रेक्षक घाबरून दाद देतात, हे मुलांनी चित्रपटगृहात बसून टिपले. पडलेल्या मालातला कोणता नग गिऱ्हाइकाने हातात घेऊन पाहिला, हे ओळखणाराच खरा दुकानदार. सात भावांनी कामे वाटून घेतली: कोणी दिग्दर्शन, कोणी कॅमेरा, कोणी ध्वनी, कोणी लेखन. मंडळी बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेली, विश्रामगृहात मुक्काम आणि तेथेच चित्रीकरण. १९७२ सालचा 'दो गज जमीन के नीचे' असा तयार झाला आणि चालला. त्यांचा १९८४ सालचा 'पुराना मंदिर' तर गावोगावी गर्दी खेचणारा ठरला.

त्या 'पुराना मंदिर'चे आणि माझे एक जुने देणे आहे. ते येथे सांगितलेच पाहिजे.

तीन आठवड्यांचा भरणा

१९८५ साल. मी नुकताच अधिकारी झालो होतो आणि तालुक्याच्या गावी शाखेत होतो. गावात एकच चित्रपटगृह. त्याचे चालू खाते आमच्याकडे. रोज सकाळी तेथले दिवाणजी आदल्या दिवसाचा भरणा घेऊन येत. भरण्यावरून गावात कोणता चित्रपट लागला आहे, याचा अंदाज रोखपालाला बसल्या जागी येई. 'पुराना मंदिर' लागला आणि भरणा एकाएकी अडीच-तीन पट झाला. सलग तीन आठवडे नाण्यांच्या पिशव्या मोजताना रोखपालाचे हात काळे होत.

त्याच सुमारास चित्रपटगृहाच्या मालकांनी नव्या खुर्च्या, नवा पडदा आणि यंत्रसामग्री यांसाठी कर्जाचा अर्ज केला. मूल्यमापन माझ्याकडे आले. मी हिशेब मांडताना त्या तीन आठवड्यांच्या भरण्याला नको इतके वजन दिले. तरुण होतो, खात्यावर रोज पडणारा पैसा डोळ्यांसमोर दिसत होता. व्यवस्थापकांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.

दीड वर्षात एस. टी. स्टँडमागे दोन व्हिडिओ पार्लर सुरू झाली. एका तिकिटाच्या पैशांत लोक दोन चित्रपट पाहू लागले. भरणा रोडावला, हप्ते थकले. मालक सच्चे होते. त्यांनी नदीकाठची दीड एकर बागाईत विकून खाते बंद केले. मला वरिष्ठांकडून एका ओळीचा शेरा मिळाला. त्यांची जमीन मात्र गेली. पुढे तीस वर्षांत शेकडो प्रस्ताव हातांखालून गेले, पण गल्ला पाहून उत्पन्न ठरवू नये, हा धडा मी त्या बागाइतीच्या किमतीत शिकलो, आणि ती किंमत मी भरलेली नव्हती.

गल्ला म्हणजे नफा नव्हे

हे वाक्य आपल्या वाचकांना सांगण्याची वस्तुतः गरज नाही. दुकान बंद करताना पेटीत पडलेली रक्कम आपली नसते. त्यात मालवाल्याचे, नोकराचे, सरकारचे आणि सावकाराचे पैसे असतात. परंतु चित्रपटाचे आकडे वाचताना शहाणी माणसेही हे विसरतात.

एक तिकीट घेऊ. प्रेक्षकाने २३६ रुपये दिले. शंभर रुपयांवरील तिकिटावर वस्तू व सेवा कर १८ टक्के. म्हणजे ३६ रुपये सरकारचे. उरले २०० रुपये, ही झाली निव्वळ विक्री. मल्टिप्लेक्सवाले आणि निर्माते यांच्यात २००९ साली जो समझोता झाला, त्यानुसार पहिल्या आठवड्यात यातील निम्मा वाटा चित्रपटाकडे येतो. दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे तीस. प्रत्यक्ष करारात थोडेफार कमी-अधिक होते, पण उतार असाच असतो. पहिल्या आठवड्याचे १०० रुपये धरा. त्यातून वितरकाचे कमिशन दहा टक्के समजा. निर्मात्यांच्या पदरी ९० रुपये. २३६ रुपयांच्या तिकिटातले ९०.

आता मुलाने आणलेली पुस्तिका पुन्हा उघडू. खर्च दीड कोटी. त्यात जाहिरात, वितरण आणि चित्रपटगृहांपर्यंत प्रत पोहोचविण्याचा खर्च कोठे आहे, म्हणून मी शोधले. तो कोठेच नव्हता. अगदी हात आखडून धरला तरी पाऊण कोटी लागणार. म्हणजे लागत सव्वादोन कोटींची. एका तिकिटामागे ९० रुपये, तर अडीच लाख तिकिटे खपल्यावर मुद्दल निघेल. आणि तीही सगळी पहिल्याच आठवड्यात, दोनशे रुपये दराने. तीनशे खुर्च्यांचे चित्रपटगृह धरले, तर ८३३ खेळ काठोकाठ भरले पाहिजेत. त्याआधी नफ्याचा एक रुपया नाही. शिवाय हा पाऊण कोटी आणखी कोणीतरी घातला, की आपल्या तीस लाखांची वीस टक्के भागी तेरा टक्क्यांच्या जवळ येते, हे पुस्तिकेत लिहिलेले नसते.

साठ हजार डॉलरांच्या कथेतही हेच दडलेले आहे. 'ब्लेअर विच' बनविणाऱ्या तरुणांकडून एका वितरण कंपनीने तो महोत्सवात सुमारे ११ लाख डॉलरांना विकत घेतला आणि प्रसिद्धीवर मूळ खर्चाच्या कित्येक पट रक्कम ओतली. गल्ल्याचा मोठा हिस्सा साहजिकच त्या ओतणाऱ्याकडे गेला. त्यातील तिघा प्रमुख कलावंतांना २०२४ सालीही योग्य मोबदल्यासाठी जाहीर मागणी करावी लागली. चित्रपट पिकला, याचा अर्थ पेरणाऱ्या प्रत्येकाच्या घरी धान्य आले, असा होत नाही.

आणि आपल्याला माहीत असतात ती तरलेल्यांचीच नावे. साठ हजारांत, पंधरा हजारांत भयपट काढून घरी बसलेल्यांच्या कथा कोणी पुस्तिकेत छापत नाही.

भांडवल फुगले की

तेव्हा 'भयपट बुडत नाही' हे खरे नव्हे. खरे एवढेच, की लहान भांडवलाचा भयपट बुडाला तर थोडक्यात बुडतो आणि तरला तर फार मोठा तरतो. या धंद्याचे सारे बळ त्या लहानपणात आहे. धोका कोठे? पहिल्या यशानंतर भांडवल फुगते तेथे.

अमेरिकेतील युनिव्हर्सल कंपनीने १९७३ च्या गाजलेल्या 'द एक्झॉर्सिस्ट'वर तीन नवे चित्रपट काढण्यासाठी २०२१ साली सुमारे ४० कोटी डॉलर मोजल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांपैकी पहिला २०२३ साली आला. जगभरातील गल्ला १३ कोटी ७० लाख डॉलरच्या आसपास. एरवी एखाद्या भयपटाला हा आकडा भूषणावह वाटला असता. येथे मात्र पुढच्या भागाची जाहीर झालेली तारीख मागे घ्यावी लागली आणि दिग्दर्शकही बदलले. माल वाईट विकला गेला असे नव्हे, दुकानाची पागडीच भारी झाली होती.

खुद्द ब्लम यांनाही हे चुकले नाही. 'मेगन' या बाहुलीच्या चित्रपटाने सुमारे १८ कोटी डॉलर मिळविले होते. २०२५ साली आलेला त्याचा दुसरा भाग त्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यावर थांबला. पहिल्या भागात लोक भीतीसाठी आले होते. दुसऱ्यात भीती मागे पडून हाणामारी पुढे आली. गिऱ्हाईक ज्या मालासाठी येते तोच बदलला, तर पाटी जुनी ठेवून उपयोग नसतो.

आपल्याकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकाचा 'मुंज्या' जून २०२४ मध्ये आला. कोकणातील मुंजाची लोककथा, मोठा नट नाही, खर्च तीस कोटींच्या आसपास. पहिल्या दिवशी चार कोटींची विक्री झाली. पण तोंडी प्रसिद्धीवर तो आठवडेच्या आठवडे चालला आणि देशातील निव्वळ विक्री शंभर कोटींपलीकडे गेली. त्याच दिग्दर्शकाचा, त्याच मॅडॉक फिल्म्सचा 'थामा' गेल्या दिवाळीत, २१ ऑक्टोबर २०२५ रोजी आला. नट नामांकित, दृश्ये भव्य, खर्च शंभर कोटींहून बराच अधिक असल्याचे सांगितले गेले. त्यानेही शंभरी ओलांडली. दोन्ही चित्रपटांच्या जाहिरातींत शंभर कोटींचा आकडा सारखाच दिसला असेल. ताळेबंदात मात्र एक शंभरी सणासारखी आणि दुसरी जेमतेम खर्चाची तोंडमिळवणी करणारी.

अडकलेल्या पैशाचे व्याज

याखेरीज काळाचा प्रश्न आहे. 'तुंबाड' हा मी पाहिलेल्या भारतीय भयपटांतील सर्वोत्तम. राही अनिल बर्वे यांचे दिग्दर्शन, नारायण धारप यांच्या कथेची प्रेरणा, कोकणातील पाऊस आणि सोन्याच्या नाण्यांच्या हव्यासापायी पिढ्यान्‌पिढ्या विहिरीत उतरणारे घराणे. तयार होण्यासच कित्येक वर्षे लागली. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो प्रदर्शित झाला, तेव्हा समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण निव्वळ विक्री तेरा-चौदा कोटींवर थबकली. खर्च त्याहून अधिक होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लावला आणि या खेपेस त्याने पहिल्या वेळेच्या दुपटीहून अधिक विक्री केली.

ही कथा ऐकून कोणासही आनंद व्हावा. पण बँकेत आम्ही ७२ चा नियम वापरीत असू. व्याजाच्या दराने ७२ ला भागले, की रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते कळते. बारा टक्के दराने सहा वर्षे. २०१८ ते २०२४ ही बरोबर सहा वर्षे. म्हणजे उसन्या पैशावर बसलेल्या माणसाचे देणे या अवधीत दुप्पट झाले असते. ज्याचा पैसा स्वतःचा होता आणि ज्याला तो थांबवता आला, त्यालाच 'तुंबाड'चा दुसरा पाऊस पाहता आला.

येऊ घातलेले चित्रपट

आता पुढच्या चित्रपटांविषयी. २०२६ च्या आरंभी हे लिहितो आहे. तारखा जाहीर झालेल्या तशा देतो आणि त्या बदलतात, हे ध्यानात असू द्यावे. मॅडॉकने जानेवारी २०२५ मध्ये २०२८ पर्यंतच्या आठ चित्रपटांच्या तारखा एकदम घोषित केल्या. त्यांतील 'शक्ती शालिनी' ३१ डिसेंबर २०२५ रोजी येणार होता. तो आता २४ डिसेंबर २०२६ वर गेला आहे. 'स्त्री ३' साठी १३ ऑगस्ट २०२७ आणि 'महा मुंज्या'साठी २४ डिसेंबर २०२७ या तारखा आहेत. यांत माझ्या मते सर्वांत भक्कम 'स्त्री ३'. पहिल्या 'स्त्री'ने २०१८ साली लहान भांडवलावर नाव कमावले आणि १५ ऑगस्ट २०२४ च्या दुसऱ्या भागाची देशातील निव्वळ विक्री सहाशे कोटींच्या घरात गेली. हसू आणि भय यांचे मिश्रण असल्याने कुटुंबे मुलाबाळांसह जातात, ही तिची ताकद. 'शक्ती शालिनी'त नवी नायिका आहे. खर्च आटोक्यात असेल तर 'मुंज्या'ची वाट तिला मोकळी आहे.

अक्षयकुमार आणि प्रियदर्शन यांचा 'भूत बंगला' यंदाच्या यादीत आहे. या जोडीचा २००७ सालचा 'भूल भुलैया' लोकांच्या स्मरणात आहे. त्यामुळे पहिले तीन दिवस जातील. परंतु येथे खर्चाचा मोठा भाग नटाचा असणार, म्हणून कस सोमवारी लागेल. भयपटाची परीक्षा शुक्रवारी होत नाही. शुक्रवारी जाहिरात विकली जाते, सोमवारी चित्रपट. २०२५ साली अमेरिकेत 'सिनर्स'ची दुसऱ्या शनिवार-रविवारची विक्री पहिल्यापेक्षा पाचेक टक्क्यांनीच घटली, तेव्हाच तो लांब पल्ला गाठणार, हे जाणत्यांनी ओळखले.

'तुंबाड'चा दुसरा भाग जाहीर झाला आहे. त्याला प्रेक्षक निश्चित आहे. भीती एवढीच, की पहिल्याची गरिबीतली जिद्द दुसऱ्याच्या श्रीमंतीत हरवू नये. आणि 'द एक्झॉर्सिस्ट' नव्या दिग्दर्शकाच्या, माइक फ्लॅनगन यांच्या हाती १२ मार्च २०२७ रोजी पुन्हा येणार आहे. तो कितीही चालला, तरी त्याच्या वाट्याला आधीच्या ४० कोटींचे ओझे आहेच.

लहान चित्रपटांना आणखी एक दार असते, ते म्हणजे हक्कांचे. विशाल फुरिया यांच्या २०१७ सालच्या मराठी 'लपाछपी'वरून त्यांनीच हिंदीत 'छोरी' केला आणि तो २०२१ साली थेट ओटीटीवर आला. गुजराती 'वश'वरून २०२४ साली अजय देवगण यांचा 'शैतान' निघाला आणि त्याने शंभर कोटींपलीकडे मजल मारली. अशा वेळी मूळ चित्रपटाच्या भागीदाराला काही मिळते की नाही, हे सर्वस्वी पहिल्या दिवशी केलेल्या लेखी करारावर अवलंबून असते. पुनर्निर्मिती, ओटीटी, दूरचित्रवाणी आणि पुढील भाग या चारही हक्कांचा उल्लेख करारात नसेल, तर आपण चित्रपटाचे भागीदार नसून केवळ त्याच्या तिकिटांचे भागीदार आहोत.

चार प्रश्न

त्या मुलाला मी कागदावर चार प्रश्न लिहून दिले. प्रसिद्धी-वितरणाचा खर्च कोठे धरला आहे? मित्राचे स्वतःचे किती पैसे आहेत? चारही हक्कांत आपला वाटा आहे काय? आणि चित्रपट दोन वर्षे डब्यात पडून राहिला, तर तीस लाखांवरचे महिन्याचे तीस हजार रुपये व्याज दुकानाने कोठून भरायचे? सोबत हेही सांगितले, की कॅश क्रेडिट हे माल आणि उधारी यांसाठी दिलेले असते. ते चित्रपटात घालणे म्हणजे निधी अन्यत्र वळविणे. बँकेला कळले तर मर्यादा आक्रसेल आणि लग्नसराईच्या ऐन खरेदीत पेढीचा हात मोकळा राहणार नाही.

पंधरा दिवसांनी तो परत आला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'धरलेला नाही'. तिसऱ्याचे, करारात उल्लेख नाही. चौथ्याला उत्तर नव्हते. दुसऱ्या प्रश्नापाशी तो अडखळला. "काका, त्यानं आईच्या दागिन्यांवर आठ लाख सोनेतारण घेतलंय."

मी गप्प राहिलो. नोकरीत असतो तर अर्जदाराचा स्वतःचा वाटा आहे, म्हणून समाधानाची खूण केली असती. त्या दिवशी मला नदीकाठची बागाईत आठवली.

"पटकथा चांगली आहे हो," तो म्हणाला. "रात्री वाचली तर दिवा मालवायचं धाडस झालं नाही." मीही ती वाचली होती. खरोखरच चांगली होती. चांगली पटकथा बँकेच्या लेखी तारण नव्हे. पण तिच्याशिवाय हा सारा हिशेब मांडण्यात अर्थही नव्हता.

शेवटी तिघे एकत्र बसले, मित्रही आला. त्याने खर्च नव्याने मांडला: एकूण सव्वा कोटी, त्यातले चाळीस लाख प्रसिद्धी-वितरणासाठी निराळ्या खात्यात, आणि ते पूर्ण जमल्याखेरीज चित्रीकरणास आरंभ करायचा नाही. चारही हक्क करारात आले. मुलाने कॅश क्रेडिटला हात न लावता स्वतःच्या बचतीतून पाच लाख द्यायचे ठरविले. ते पुरेसे नाहीत, हे मित्रालाही ठाऊक होते. उरलेले तो कसे उभे करील, मला सांगता येत नाही. आईचे दागिने आधी सोडव, एवढे मात्र मी त्याला निक्षून सांगितले. तो हो म्हणाला.

मुलाने वडिलांना विचारले, "हे पाच लाख गुंतवणुकीत दाखवू का?"

शेठ म्हणाले, "खर्चखाती टाक. परत आले तर जमा धरू."

चित्रपट पडद्यावर आला, तर आम्ही उभयता तिकीट काढून जाऊ. सोमवारचे.